पिक्चर अंधारा का दिसतो? टॉकीजच्या पडद्यावरचा उजेड मोजायची रीत

मोबाइलवर ट्रेलर पाहिला तेव्हा रात्रीच्या मारामारीत हिरोच्या कपाळावरचा घामही दिसत होता. तालुक्याच्या टॉकीजमध्ये तोच सीन आला, तर नुसत्या सावल्या धावताना दिसल्या. मध्यंतरात पानठेल्यावर ही तक्रार हमखास ऐकू येते आणि खापर आळीपाळीने तिघांवर फुटतं: डायरेक्टरने अंधारात शूटिंग केलं, मालक दिवा बदलत नाही, नाहीतर ऑपरेटरचं लक्ष नाही. तिन्हींत थोडंफार तथ्य असू शकतं. पण पडद्यावर किती उजेड हवा याचा आकडा ठरलेला आहे आणि तो मोजता येतो, हे प्रेक्षकाला सोडा, कित्येक टॉकीजवाल्यांनाही माहीत नसतं. न मोजता नवा दिवा टाकला की पैसे जातात आणि पुष्कळदा पिक्चर होता तसाच राहतो. कारण दिव्यापासून पडद्यापर्यंतच्या वाटेत उजेड ठिकठिकाणी सांडत असतो.

ठरलेला आकडा: १४

प्रोजेक्टरमधून एकूण किती उजेड निघतो ते लुमेनमध्ये मोजतात. पडद्याच्या एखाद्या जागी किती उजेड येऊन पडतो ते लक्समध्ये. आणि पडद्यावरून परतून आपल्या डोळ्यांकडे किती येतो ते फूट-लॅम्बर्टमध्ये. आपण पाहतो तो परतलेलाच उजेड, म्हणून खरं माप शेवटचं. त्याऐवजी निट हे एककही वापरतात. १ फूट-लॅम्बर्ट म्हणजे ३.४२६ निट.

लुमेन आणि फूट-लॅम्बर्ट यांत लोकांचा नेहमी घोळ होतो. युरियाचं एक पोतं एका एकरात टाकलं तर पीक हिरवं दिसतं, तेच पोतं तीन एकरांत पुरवलं तर पिवळं पडतं. लुमेन म्हणजे पोतं, पडदा म्हणजे वावर, आणि फूट-लॅम्बर्ट म्हणजे एकरी पडलेली मात्रा. 'आमचा प्रोजेक्टर दहा हजार लुमेनचा आहे' या वाक्याला पडद्याचं माप सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

डिजिटल सिनेमासाठी एसएमपीटीई या अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेचं प्रमाण असं आहे: पूर्ण पांढरं चित्र सोडलं असता पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये मिळून डीसीआय ही संस्था काढली. तिच्या २००५ च्या नियमावलीतही हाच आकडा आहे. चालत्या टॉकीजला ११ ते १७ इतकी मोकळीक आहे. डाव्या-उजव्या कडांना मध्याच्या ७५ ते ९० टक्के उजेड असावा, अशीही अपेक्षा आहे. रिळांच्या काळात आकडा १६ होता, पण तो गेटमध्ये, म्हणजे उजेडासमोरच्या ज्या चौकटीतून फिल्म सरकते तिथे, फिल्म न घालता, मशीन चालू ठेवून नुसता उजेड पडद्यावर सोडून मोजायचा. फिल्मचा कोरा भागही थोडा उजेड खातो. तो वजा केला की तेव्हाही हिशेब चौदाच्या आसपासच यायचा.

या आकड्याला धरून राहायचं कारण साधं आहे. मुंबईत किंवा चेन्नईत जो तंत्रज्ञ पिक्चरचे रंग आणि अंधार-उजेड शेवटचे ठरवतो, त्याच्या खोलीतला पडदाही १४ वर लावलेला असतो. रात्रीच्या सीनमध्ये चेहरा किती दिसावा आणि मागची भिंत किती बुडावी, हे त्याने त्या उजेडात ठरवलेलं असतं. तुमच्या गावचा पडदा ५ वर असेल, तर तुम्ही वेगळाच पिक्चर पाहताय.

मोबाइल हजार निटचा, मग टॉकीज ४८ निटचीच का?

चांगल्या मोबाइलचा स्क्रीन कित्येक शे निटांचा असतो, उन्हात काही हजारावरही जातात. त्यापुढे ४८ हा आकडा भिकार वाटतो. पण मोबाइलला दुपारच्या उन्हाशी झुंजायचं असतं. टॉकीजमध्ये अंधार असतो आणि डोळे त्याला सरावलेले असतात. अंधाऱ्या हॉलमध्ये तीस फुटांचा पडदा हजार निटांनी पेटवला तर लोक डोळ्यांवर हात धरतील.

दुसरं कारण रिळांच्या काळातलं आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालायची आणि प्रत्येक चौकटीवर शटर दोनदा उघडायचं, म्हणजे पडद्यावर सेकंदाला ४८ वेळा उजेड-अंधार व्हायचा. उजेड मंद असेल तर ही उघडझाप डोळ्याला कळत नाही, वाढवला की लुकलुक जाणवायला लागते. तेव्हा ठरलेली पातळी डिजिटलनेही जवळपास तशीच उचलली.

'मग आता शटर नाही, तर २५ का करू नये?' कारण प्रत १४ साठी तयार झालेली आहे. जास्त उजेडात चेहरे धुवून निघाल्यासारखे दिसतात आणि काळ्या भागांना राखाडी छटा येते. डॉल्बीच्या खास थिएटरांत ३१ फूट-लॅम्बर्टपर्यंत जातात, पण तिथे त्या उजेडासाठी वेगळी ग्रेड केलेली, म्हणजे रंग आणि अंधार-उजेड नव्याने ठरवलेली प्रत लावतात.

'आम्हाला तर बरा दिसतो'

मालकांचा हा आवडता युक्तिवाद, आणि तो खोटाही नसतो. उजेड निम्मा झाला तरी डोळ्याला निम्मा वाटत नाही, थोडा कमी वाटतो. शिवाय तो एका दिवसात कमी होत नाही, चार-सहा महिन्यांत हळूहळू उतरतो. रोज पाहणाऱ्या ऑपरेटरला तर तो सगळ्यात शेवटी कळतो.

दिवसाच्या सीनमध्ये, लग्नाच्या गाण्यात, हिरव्यागार शेतात हे खपून जातं. मार बसतो तो अंधाऱ्या सीनला. समजा रात्रीच्या दृश्यात चेहऱ्याची एक बाजू पूर्ण पांढऱ्याच्या एक टक्का उजळ ठेवली आहे. १४ च्या पडद्यावर ती ०.१४ भरते. हॉलमधले दाराचे दिवे, पायऱ्यांचे दिवे, दाराच्या फटीतला उजेड मिळून पडद्यावर समजा ०.०५ पडतोय. ०.१४ च्या चेहऱ्यापुढे तो खपतो. पडदा ५ वर आला की चेहराही ०.०५ वर येतो आणि फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पातळीत बुडतो. 'काहीच दिसत नाही' म्हणणारा प्रेक्षक इथे अगदी बरोबर असतो, मग दिवसाच्या सीनमध्ये पडदा कितीही बरा दिसो.

पडद्याच्या मापाने हिशेब

हिशेब फुटांत करावा, सोपा पडतो. पडद्याची रुंदी गुणिले उंची म्हणजे चौरस फूट. त्याला १४ ने गुणलं की पडद्यावर प्रत्यक्ष पोहोचायला हवेत तितके लुमेन मिळतात. स्कोप, म्हणजे जास्त रुंद चित्राच्या पिक्चरसाठी ३६ फूट रुंद आणि १५ फूट उंच पडदा धरा: ५४० चौरस फूट, म्हणजे ७,५६० लुमेन. पडदा साधा पांढरा असेल तेव्हाचा हा आकडा.

मग आठ हजार लुमेनचा प्रोजेक्टर पुरेल? नाही पुरणार. कॅटलॉगमधले लुमेन नव्या दिव्याचे, पूर्ण ताकदीवरचे, रंग न साधता (म्हणजे ठरलेल्या प्रमाणाला न जुळवता) आणि प्रोजेक्टरच्या केबिनची काच मध्ये न धरता मोजलेले असतात. स्कोपमध्ये प्रोजेक्टरच्या चित्र घडवणाऱ्या चिपचा सगळा भाग वापरला जात नाही. १०८० ओळींपैकी ८५८ च चालतात, म्हणजे ७९ टक्के. साध्या काचेतून ९२ टक्के पुढे जातात. रंग साधताना समजा १० टक्के गेले. दिवा जुना झाल्यावर ७० टक्क्यांवर येईल हेही धरलं, तर कॅटलॉगमध्ये १६,५०० च्या आसपास लुमेन दिसले पाहिजेत. म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. विकणारा हा हिशेब स्वतःहून मांडत नाही.

उजेड सांडतो कुठे?

सुरुवात दिव्यापासून. झेनॉन दिवा पहिल्या दिवशी जेवढा पेटतो तेवढा शेवटपर्यंत पेटत नाही. इलेक्ट्रोड झिजतात, क्वार्ट्जच्या काचेवर आतून काजळी धरते आणि ठरलेल्या तासांच्या शेवटी उजेड ७० टक्क्यांवर किंवा त्याखाली येतो. दिवसाला चार शो म्हणजे साधारण १२ तास. १,५०० तासांचा दिवा चार-सव्वाचार महिन्यांत संपतो. दिवा जितका जास्त वॉटचा, तितके तास कमी. वॉरंटीच्या तासांच्या फार पुढे ताणलेला दिवा फुटण्याचा धोका असतो आणि तो फुटला की महागडा रिफ्लेक्टरही घेऊन जातो. गार असतानाही त्यात वायू दाबाखाली भरलेला असतो. म्हणून दिवा बदलताना तोंडावर शील्ड, अंगात जाड जॅकेट आणि हातमोजे लागतात. काचेला बोट लागलं तर स्पिरिटने पुसल्याशिवाय पेटवायचा नाही. बोटाचं तेल तापून तिथे डाग पडतो आणि काच त्या जागी कमजोर होते.

काही ठिकाणी वीज आणि दिवा दोन्ही वाचतील म्हणून रेक्टिफायरचा, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या यंत्राचा, करंट खाली ओढून ठेवतात. दिव्यावर किमान आणि कमाल अँपिअर लिहिलेले असतात. किमानाच्या खाली गेलं की ज्योत एका जागी स्थिर राहत नाही, पडदा लुकलुकतो आणि इलेक्ट्रोड उलट लवकर खराब होतो. या काटकसरीत काहीच वाचत नाही.

नवा दिवा टाकूनही उजेड कमी पडला, तर बहुतेक वेळा दिवा जागेवर बसलेला नसतो. ज्योत रिफ्लेक्टरच्या नेमक्या केंद्रावर हवी, दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी फरक पडतो. त्यासाठी लॅम्प हाऊसला, म्हणजे दिव्याच्या पेटीला, तीन दिशांचे स्क्रू असतात किंवा मोटर असते. एकाने हॉलमध्ये मीटर धरून फोनवर आकडे सांगायचे आणि दुसऱ्याने केबिनमध्ये स्क्रू फिरवायचे. आकडा चढायचा थांबून उतरायला लागला की एक पाऊल मागे यायचं. हे काम डोळ्याने होत नाही.

पुढे केबिनची काच. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चारेक टक्के उजेड परत फिरतो, म्हणजे एका काचेत ८ आणि दुहेरी काच असेल तर १६ टक्के गेले. वर काच खिडकीची हिरवट असेल तर रंगही बिघडतो. सिनेमासाठी परावर्तन कमी करणारी, पाण्यासारखी स्वच्छ काच मिळते आणि ती दिव्याच्या तुलनेत स्वस्त पडते. ती किंचित तिरपी बसवावी, म्हणजे परतणारा उजेड पुन्हा लेन्समध्ये शिरत नाही.

मग धूळ, आणि इथे विदर्भाचा हिस्सा मोठा आहे. यवतमाळ-वर्ध्याकडे दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की हवेत रुईचे बारीक तंतू फिरतात. प्रोजेक्टरचं फिल्टर काढून पाहिलं तर त्यावर अस्तरासारखा करडा थर बसलेला सापडतो. वणी-बल्लारपूरकडे कोळशाची काळी धूळ. फिल्टर तुंबलं की आतली हवा तापते. बाहेर ४५ अंश असताना आधीच काठावर असलेला प्रोजेक्टर अलार्म देतो, आणि ऑपरेटर तो बंद करायला दिव्याची ताकद कमी करून ठेवतो. उन्हाळा सरतो, सेटिंग मात्र तसंच राहतं. जिनिंगच्या हंगामात फिल्टर आठवड्याला पाहावं, एरवी महिन्याला. हॉलमधल्या कूलरचा झोत केबिनच्या काचेकडे किंवा पडद्याकडे सोडू नये. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार सुकले की मागे पांढरी भुकटी राहते आणि ती काचेवर बसली की साध्या फडक्याने निघत नाही.

शेवटी पडदा. पीव्हीसीचा पडदा वर्षांगणिक पिवळा पडतो, छतातून धूळ उतरते, जुन्या हॉलमध्ये वटवाघळं आणि कबुतरं आपली भर घालतात. खालच्या दोन-तीन फुटांत खर्र्याच्या पिचकाऱ्या असतात, त्यावर वेगळं लिहायला नको. काही ठिकाणी मालक पडद्याला भिंतीचा ऑइल पेंट मारून घेतात. पांढरं दिसतं, पण तुकतुकीत पेंटमुळे मध्यभागी चकाकणारा गोळा उमटतो आणि आवाजासाठी पडद्याला पाडलेली बारीक भोकं बुजतात. पुढे लोक स्पीकर खराब झाला म्हणून तक्रार करतात.

हे सगळे तोटे बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतात. दिवा ७० टक्के, काच-लेन्स मळून ८५ टक्के, पडदा जुना होऊन ८० टक्के: १४ चे झाले ६.७. यात कोणतीच एक गोष्ट भयंकर बिघडलेली नाही, म्हणूनच दोष सापडत नाही.

फ्लॅट झकास आणि स्कोप अंधारा, असं का होतं?

हे एक कोडं बऱ्याच टॉकीजमध्ये वर्षानुवर्षं चालू असतं. जुन्या हॉलमध्ये पडद्याची उंची तीच राहते. फ्लॅट, म्हणजे कमी रुंद चित्राच्या पिक्चरला बाजूचे काळे पडदे आत येतात, स्कोपला बाहेर सरकतात. डिजिटल प्रोजेक्टर स्कोपसाठी ८५८ ओळींचं चित्र झूम करून त्याच उंचीत बसवतो. झूम १०८० भागिले ८५८, म्हणजे १.२६ पट. उंची आणि रुंदी दोन्ही तितक्या पटीने ताणल्यामुळे तोच उजेड १.५८ पट जागेवर पसरतो. फ्लॅटमध्ये १४ असेल तर स्कोपमध्ये ८.८ उरतो.

उपाय प्रोजेक्टरमध्येच असतो. फ्लॅट आणि स्कोप यांच्या सेटिंगमध्ये दिव्याची ताकद वेगवेगळी साठवता येते. बसवणाऱ्याने एकदा एकच आकडा दोन्हींकडे टाकला आणि नंतर कोणी पाहिलंच नाही, असं फार ठिकाणी असतं. आधी हे तपासा, खर्च शून्य.

याच जातीची दुसरी गफलत थ्रीडीची. थ्रीडीच्या नेहमीच्या पद्धतीत लेन्ससमोर ध्रुवण करणारा (उजेडाच्या लहरी एका ठराविक दिशेच्याच पुढे सोडणारा) फिल्टर येतो, दोन डोळ्यांत उजेड आळीपाळीने वाटला जातो आणि चष्माही आपला वाटा खातो. म्हणून तिथलं प्रमाणच साडेचारच्या आसपास धरतात, तेही चष्म्यातून मोजून. थ्रीडी पिक्चर उतरल्यावर तो फिल्टर लेन्ससमोरून काढायचा राहिला, तर पुढचा साधा पिक्चर अर्ध्याहून कमी उजेडात चालतो आणि दिव्याला शिव्या बसतात.

मोजायचं कसं

नेमकं मोजायचं यंत्र म्हणजे स्पॉट मीटर. ते खुर्चीवर बसून पडद्याच्या एका छोट्या ठिपक्यावर रोखतात, बहुतेक एक अंशाच्या कोनात, आणि ते थेट निट किंवा फूट-लॅम्बर्ट दाखवतं. कोनिका मिनोल्टाची मॉडेलं या धंद्यात जुनी आणि भरवशाची. किंमत एका टॉकीजला जड जाते, पण जिल्ह्यातल्या पाच-सहा मालकांनी मिळून एक घेतलं किंवा तंत्रज्ञाला वर्षातून दोनदा बोलावलं तर परवडतं. मीटरचं कॅलिब्रेशन वर्षाला करून घ्यायचं. नाहीतर चुकीच्या काट्यावर तोललेल्या कापसासारखा सगळा हिशेब.

मोजण्याआधी काच, लेन्स आणि पडदा साफ करा. प्रोजेक्टर अर्धा तास चालवून तापू द्या, थंड दिव्याचा आकडा स्थिर नसतो. हॉलचे दिवे बंद, पण दाराचे आणि पायऱ्यांचे दिवे शोमध्ये असतात तसेच चालू. रेक्टिफायरचे अँपिअर, दिव्याचे तास आणि त्या वेळचं व्होल्टेज लिहून ठेवा. संध्याकाळी व्होल्टेज बसत असेल तर संध्याकाळी मोजा.

पहिलं माप पांढऱ्याचं नाही, काळ्याचं. प्रोजेक्टरचं डाउझर म्हणजे उजेड अडवणारी झडप बंद करा आणि पडदा मोजा. तिथे काही आकडा आला तर तो पूर्ण फुकटचा उजेड आहे: दाराची फट, भडक एक्झिट दिवा, केबिनच्या दुसऱ्या खिडकीतली ट्यूबलाइट. एक्झिटचे दिवे लायसन्सच्या अटीत येतात, ते बंद करायचे नाहीत. पण त्यांना वरून पत्र्याची झाप लावून उजेड पडद्याऐवजी दाराकडे वळवता येतो. केबिनची ट्यूबलाइट मात्र शोच्या वेळी बंदच हवी.

मग पिक्चर जिथून चालतो त्या सर्व्हरवरून पूर्ण पांढरी चाचणी फाइल सोडा. प्रोजेक्टरच्या मेन्यूमधला स्वतःचा पांढरा पॅटर्न सोडला तर काही वेळा रंग साधणारी पायरी वगळली जाते आणि आकडा फुगून येतो. पिक्चर ज्या वाटेने जातो त्याच वाटेने चाचणीही गेली पाहिजे. मीटर धरणारा मधल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर. आधी पडद्याचा मध्य, मग डावी आणि उजवी कड, दोन्ही ठिकाणी रुंदीच्या पाच टक्के आत, म्हणजे ३६ फुटी पडद्यावर पावणेदोन-दोन फूट. नंतर चार कोपरे. तोच क्रम फ्लॅटला एकदा आणि स्कोपला एकदा.

आकडे वाचायचे असे. मध्य १३-१४ आणि कडा १०-११: काम चोख. मध्य १४ आणि कडा ६: दिवा सरकलेला आहे किंवा पडदा चकाकणारा आहे. डावी कड १२, उजवी ८: ज्योत केंद्रावर नाही, किंवा काचेवर एकाच बाजूला मळ आहे. सगळंच सारखं कमी: दिव्याचं वय, अँपिअर, फिल्टर या क्रमाने पाहा.

तालुक्याच्या लहान हॉलमध्ये अजूनही एकाच चिपचे, आत रंगीत चाक फिरणारे प्रोजेक्टर भेटतात. त्यांच्यासाठी आणखी एक चाचणी करावी. काहींच्या चाकात लाल, हिरव्या, निळ्यासोबत पांढरा तुकडाही असतो. त्यामुळे पांढऱ्या पडद्यावर आकडा छान येतो आणि रंग मात्र मळकट दिसतात. पूर्ण लाल, पूर्ण हिरवा आणि पूर्ण निळा पडदा वेगवेगळा मोजून बेरीज करा. ती पांढऱ्याच्या जवळ आली तर ठीक. निम्म्यावर आली तर तुमचे १४ नुसते कागदावरचे.

मीटर नसेल तर? मोबाइलचं ॲप चालतं का?

ॲपच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मोबाइलचा सेन्सर स्क्रीनची चमक कमी-जास्त करायला बसवलेला असतो. दोन मोबाइल शेजारी धरले तरी दोन वेगळे आकडे येतात.

साधा लक्समीटर मात्र कामाला येतो. त्याचा सेन्सर पडद्याला चिकटवून, तोंड प्रोजेक्टरकडे करून धरायचा. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी लक्सला १०.७६ ने भागलं की फूट-लॅम्बर्ट मिळतात. म्हणजे १५० लक्स आले की तुम्ही चौदावर आहात. हा एकच आकडा केबिनच्या भिंतीवर लिहून ठेवला तरी चालेल. मधोमध पोहोचायला शिडी लागते. ती पडद्याला टेकवू नका, आणि वर चढल्यावर लेन्सकडे थेट पाहू नका. लक्समीटर येणारा उजेड मोजतो. पडदा पिवळा पडून परतणारा उजेड कमी झालाय हे त्याला कळत नाही. पण दिवा, काच, फिल्टर यांची दर महिन्याची घसरण त्यावर स्वच्छ दिसते.

सिल्व्हर पडदा, लेझर: एकदाच खर्च करून सुटका?

पडदा किती उजेड समोर परत फेकतो त्याला गेन म्हणतात. साध्या पांढऱ्याचा १, मोतिया पडद्याचा साधारण १.४, सिल्व्हरचा २ च्या वर. गेन दुप्पट म्हणजे उजेड निर्माण झाला असं नाही. बाजूच्या खुर्च्यांचा काढून मधल्यांना दिला. आपल्याकडचे जुने हॉल रुंद आहेत, कडेच्या खुर्च्या पडद्याच्या बऱ्याच बाहेर जातात. तिथे बसलेल्याला सिल्व्हर पडद्याची जवळची बाजू उजळ आणि लांबची काळी दिसते. ध्रुवणाच्या थ्रीडीला सिल्व्हर लागतोच. थ्रीडी क्वचित लागणाऱ्या रुंद हॉलमध्ये तो घेऊ नये, असं स्पष्ट मत.

लेझरचा फायदा खरा आहे. दिवा बदलायची कटकट नाही आणि उजेड निम्म्यावर यायला साधारण वीस ते तीस हजार तास लागतात. पण निम्म्यावर येतोच, आणि तोही इतका हळू की कोणाच्या लक्षात येत नाही. काच, फिल्टर, पडदा, फ्लॅट-स्कोपची सेटिंग यांचे तोटे लेझरलाही तेवढेच लागू. लेझर आला म्हणून मोजणं सोडलेली टॉकीज दोन-तीन वर्षांत पुन्हा तिथेच येते.

गावच्या मैदानात पडदा बांधताना

यात्रेत, गणपतीत, शाळेच्या पटांगणात भाड्याच्या प्रोजेक्टरवर पिक्चर दाखवतात, तिथेही हिशेब तोच. खरे ३,००० लुमेन देणारा प्रोजेक्टर २० फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट उंच कापडावर लावला तर १३.३ फूट-लॅम्बर्ट मिळतात, म्हणजे टॉकीजच्या तोडीचे. ऑनलाइन चार-पाच हजारांत मिळणाऱ्या खोक्यावर '९००० लुमेन' छापलेलं असतं. एएनएसआय किंवा आयएसओ, म्हणजे प्रमाणित रीतीने मोजलेले लुमेन किती ते विचारा. उत्तर ३०० आलं तर याच कापडावर १.३ मिळतील. तेव्हा पडदा सात-आठ फुटांचाच ठेवा.

मैदानात प्रोजेक्टरपेक्षा जास्त नुकसान चौकातला हायमास्ट करतो. त्याचा नुसता १५ लक्स उजेड कापडावर पडला तरी १.४ फूट-लॅम्बर्ट होतात. म्हणजे पिक्चरमधलं काळं १.४ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि सगळ्यात उजळ व सगळ्यात काळं यांत जेमतेम दहा पटींचा फरक उरतो. टॉकीजमध्ये तो शेकड्यांत, चांगल्या ठिकाणी हजारांत असतो. झाडीपट्टीतली नाटकं गावाबाहेरच्या वावरात रंगतात, पिक्चरलाही तीच जागा बरी. चौकातच करायचं असेल तर पडद्याची पाठ हायमास्टकडे ठेवा आणि कापडामागे काळं कापड बांधा, नाहीतर मागचा उजेड आरपार येतो. मे महिन्यात साडेसातपर्यंत आभाळात उजेड असतो, त्याआधी सुरू करू नका. हायमास्टचा स्विच सहसा ग्रामपंचायतीकडे असतो. मैदानाच्या परवानगीच्या अर्जातच तो किती ते किती बंद ठेवायचा ते लिहून घ्या, आणि चावी कोणाकडे आहे ते दुपारीच विचारून ठेवा.